अब्दालीचा नातू, कंपनीचा शाह

पानिपत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सदाशिवरावभाऊ येतात, विश्वासराव येतात आणि समोरच्या बाजूला अहमदशाह अब्दाली. कादंबरी असो, नाटक असो की सिनेमा, गोष्ट जानेवारी १७६१ मध्ये संपते. अब्दाली जिंकला आणि परत गेला, एवढंच आपल्या लक्षात राहतं. त्याच्या घराण्याचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही.

झालं ते असं. पानिपतानंतर अवघ्या ५५ वर्षांनी, १८१६ मध्ये, अब्दालीचा सख्खा नातू सतलजकाठच्या लुधियान्यात ईस्ट इंडिया कंपनीचा पेन्शनर म्हणून राहायला आला. आणि आणखी २३ वर्षांनी त्याच कंपनीने त्याला उचलून काबूलच्या तख्तावर बसवलं.

त्याचं नाव शाह शुजा. इतिहासाच्या पुस्तकांत तो बहुतेक वेळा दोन ओळींत उरकला जातो: इंग्रजांचं बाहुलं, अफगाणांनी मारलं. दोन्ही खरं आहे. पण त्याच्या हातात खरोखर काय होतं आणि काय नव्हतं, हे नीट पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते. परक्यांनी बसवलेला राजा पडतो तो फक्त नालायक असतो म्हणून नाही. त्याला उभं ठेवणारी प्रत्येक गोष्ट त्याच वेळी त्याला खाली ओढत असते, म्हणूनही तो पडतो.

एक तख्त, वीसहून जास्त दावेदार

अब्दाली १७७२ मध्ये वारला. त्याच्यामागे त्याचा मुलगा तैमूरशाह आला. त्याने राजधानी कंदाहारहून काबूलला नेली. १७९३ मध्ये तो गेला तेव्हा त्याला वीसहून जास्त मुलगे होते आणि वारस कोण हे ठरलेलं नव्हतं. पुढची पंचवीस वर्षं हे भाऊ एकमेकांशी लढले. त्या घराण्यात हरलेल्या भावाचे डोळे काढायची रीत होती, कारण आंधळ्याला राजा होता येत नसे.

शुजाचा सख्खा भाऊ झमानशाह हा पहिला मोठा राजा. हिंदुस्थानावर स्वारीची धमकी देऊन त्याने एके काळी इंग्रजांची झोप उडवली होती. सावत्रभाऊ महमूदने त्याला हरवलं आणि आंधळं केलं. १८०३ मध्ये शुजाने महमूदला खाली खेचलं. तेव्हा शुजा अठराच्या आसपास होता. त्याने महमूदला कैदेत टाकलं, पण त्याचे डोळे काढले नाहीत. तेच पुढे त्याच्यावर उलटलं. महमूद सुटला, त्याने बळ जमवलं आणि १८०९ मध्ये निमलाच्या लढाईत शुजाला हरवून तख्त परत घेतलं.

त्या पराभवाच्या काही महिने आधी पेशावरला एक इंग्रज पाहुणा आला होता. पेशावर ही शुजाची हिवाळी राजधानी. नेपोलियन इराणमार्गे हिंदुस्थानावर येईल अशी कंपनीला धास्ती होती, म्हणून अफगाण राजाशी तह करायला वकील पाठवला होता. या वकिलाने शुजाला दरबारात पाहिलं तेव्हा त्याला वाटलं की राजाने रत्नांचं चिलखत घातलंय. मग कळलं की अंगरख्यावरच एवढे हिरे-पाचू आहेत. दंडावरच्या बाजूबंदात कोहिनूर होता.

त्या वकिलाचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हाच पुढे पुण्यात रेसिडेंट म्हणून आला, त्याच्याच काळात खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि मग तो मुंबईचा गव्हर्नर झाला. शनिवारवाड्यावर नजर ठेवणारा हा माणूस त्याआधी अब्दालीच्या नातवाच्या दरबारात बसून आला होता.

लुधियान्याचा दरबार

तख्त गेल्यावर शुजा वणवण फिरला. अटकेत कैद, काश्मिरात कैद. शेवटी त्याची बेगम वफा बेगम हिने लाहोरला रणजितसिंगाशी सौदा केला: माझ्या नवऱ्याला सोडवून आणा, कोहिनूर देते. शुजा लाहोरला आला, पण तिथेही एका परीने कैदेतच. १८१३ मध्ये कोहिनूर रणजितसिंगाच्या हाती गेला. मग बेगम आधी निसटून लुधियान्याला पोचली आणि पाठोपाठ शुजाने भिंतींना भोकं पाडून, शेवटी गटारातून सरपटत लाहोर सोडलं. काश्मीर घ्यायचा प्रयत्न फसल्यावर १८१६ मध्ये तोही लुधियान्यात दाखल झाला.

लुधियाना म्हणजे तेव्हा कंपनीच्या हद्दीचं टोक. सतलजच्या पलीकडे रणजितसिंगाचं राज्य. कंपनीने शुजाला वर्षाला ५०,००० रुपये पेन्शन बांधून दिली. त्या पैशात त्याने तिथे एक अख्खा दरबार चालवला. भालदार-चोपदार, मुजरे, रिवाज, सगळं होतं, फक्त राज्य नव्हतं. नोकराचाकरांकडून चूक झाली की नाक-कान कापायची शिक्षाही तो देत असे. त्याला बिचारा ठरवायची घाई नको, ती यासाठी.

तो स्वस्थ बसला नव्हता. परत जायचे प्रयत्न त्याने केले. त्यातला मोठा १८३३-३४ चा. तो कंदाहारपर्यंत पोचला आणि तिथे काबूलच्या दोस्त मोहम्मद खानाने त्याला हरवलं. दोस्त मोहम्मद बरकझाई घराण्यातला. अब्दालीच्या घराण्याचे वजीर, सरदार म्हणून वर आलेले हे लोक. भावाभावांच्या भांडणात मूळ घराणं झिजलं आणि १८२६ पासून काबूल दोस्त मोहम्मदच्या हाती होतं. म्हणजे रक्ताचा हक्क शुजाकडे आणि प्रत्यक्ष ताबा दोस्त मोहम्मदकडे. शुजाने स्वतःच्या बळावर हा हिशेब बदलून पाहिला, पण जमलं नाही.

तख्तावर बसण्याआधीच विकलेलं पेशावर

१८३४ मध्ये रणजितसिंगाच्या फौजांनी पेशावर घेतलं. दोस्त मोहम्मदला ते परत हवं होतं. १८३७ मध्ये कंपनीचा अधिकारी अलेक्झांडर बर्न्स काबूलला बोलणी करायला गेला. त्याचं मत स्पष्ट होतं: दोस्त मोहम्मद समर्थ आहे, त्याला पेशावरच्या बाबतीत थोडा आधार द्या, तो आपला होईल. पण कंपनीला रणजितसिंगाला दुखवायचं नव्हतं. दरम्यान रशियाचा एक दूत काबूलला येऊन थडकला आणि पश्चिमेला इराणच्या शाहने हेरातला वेढा घातला. इराणच्या मागे रशिया आहे असं सिमल्यात बसलेल्या गव्हर्नर जनरल ऑकलंडला वाटू लागलं. त्याचा सल्लागार विल्यम मॅकनॉटन याने तोडगा मांडला. लुधियान्यात आपला एक राजा तयारच आहे, त्यालाच बसवू.

जून १८३८ मध्ये रणजितसिंग, कंपनी आणि शुजा यांच्यात तिहेरी करार झाला. या कराराने शुजाने पेशावर आणि काश्मीर यांवरचा हक्क सोडला. कंपनी आणि शीख दरबाराला विचारल्याशिवाय कुठल्याही परराज्याशी संबंध ठेवणार नाही, हेही कबूल केलं.

दोस्त मोहम्मद कंपनीच्या मनातून उतरला त्याचं मोठं कारण म्हणजे तो पेशावरवरचा हक्क सोडायला तयार नव्हता. शुजा पसंत पडला कारण तो सोडायला तयार होता. जिथे त्याने रत्नजडित अंगरख्यात एल्फिन्स्टनला भेट दिली तीच ही हिवाळी राजधानी. अफगाण रयतेच्या डोळ्यांतून पाहा: आपला राजा यायच्या आधीच आपलं एक मोठं शहर लिहून देऊन येतोय. त्याला गादी मिळाली ती याच अटीवर, आणि त्या गादीचा मान गेला तोही याच अटीमुळे.

१ ऑक्टोबर १८३८ रोजी सिमल्याहून ऑकलंडचा जाहीरनामा निघाला. त्यात म्हटलं होतं की शाह शुजा स्वतःच्या फौजेच्या गराड्यात आपल्या देशात प्रवेश करेल, इंग्रज फौज फक्त पाठीशी असेल आणि तो स्थिरावला की परत येईल. प्रत्यक्षात ही ‘स्वतःची’ फौज म्हणजे हिंदुस्थानात भरती केलेले सुमारे ६,००० लोक. त्यांचे अधिकारी इंग्रज होते आणि पगार कंपनीच्या खजिन्यातून होत होता. शिवाय जाहीरनामा निघण्याआधीच, सप्टेंबरमध्ये, इराणने हेरातचा वेढा उठवला होता. मोहिमेचं मुख्य कारणच संपलं होतं. पण निर्णय झालेला होता, उंट गोळा होत होते आणि मोहीम थांबली नाही.

विलायतेत निवृत्त झालेल्या एल्फिन्स्टनला हा बेत कळला. त्याने बर्न्सला पत्रातून कळवलेल्या मताचा मथितार्थ असा: एवढी फौज नेलीत तर काबूल घ्याल आणि शुजाला बसवालही. पण त्या गरीब, थंड, दूरच्या आणि दांडग्या लोकांच्या मुलखात त्याला टिकवून धरणं अशक्य आहे. शुजाला आणि काबूलच्या लोकांना जवळून पाहिलेला हा माणूस, पण त्याला विचारलं कुणी नव्हतं.

उंटांवरून आलेला राजा

रणजितसिंगाने पंजाबातून फौज न्यायला परवानगी दिली नाही. म्हणून ती फिरोजपूरहून खाली सिंधमध्ये, मग बोलन खिंडीतून वर कंदाहारला अशा वळशाने गेली. बंगालची फौज जमिनीवरून आली. मुंबईची फौज सर जॉन कीन याच्या हाताखाली जहाजांनी सिंधच्या किनाऱ्यावर उतरली. मुंबई लष्करात तेव्हा कोकण आणि देशावरचे शिपाई मोठ्या संख्येने असत. पानिपताहून न परतलेल्यांची नातवंडं-पतवंडं त्यात असतील तर नवल नाही. अब्दालीच्या नातवाला गादीवर बसवायला ती निघाली होती.

लढणाऱ्यांच्या दुपटीने बाजारबुणगे होते, सुमारे ३८,०००. उंट ३०,००० च्या घरात. एका ब्रिगेडियरने स्वतःच्या सामानासाठी ६० उंट घेतले होते आणि एका पलटणीने शिकारी कुत्र्यांचा कळप सोबत आणला होता. बोलन खिंडीत यातली हजारो जनावरं मेली.

एप्रिल १८३९ मध्ये कंदाहार बिनविरोध हाती आलं. ८ मे रोजी शहराबाहेर शुजासाठी मोठा दरबार भरवला. तोफांची सलामी झाली, फौजेने संचलन केलं. कंदाहार ही त्याच्या आजोबाची राजधानी. पण बघायला आलेले स्थानिक लोक जेमतेम शंभरेक होते.

२३ जुलैला गझनीच्या किल्ल्याचा दरवाजा सुरुंगाने उडवून किल्ला घेतला. कुठला दरवाजा आतून विटांनी बुजवलेला नाही ही खबर काढली होती मोहनलाल काश्मिरी या दिल्लीत शिकलेल्या तरुण मुनशीने. गझनीबाहेर पकडलेल्या पन्नासेक गाझींना शुजाच्या हुकमाने ठार मारण्यात आलं. इंग्रज अधिकाऱ्यांनाही ते पाहून शिसारी आली, पण कुणी थांबवलं नाही. त्या दिवसापासून शुजा ज्यांचा खुनी ठरला त्यांची गावं, टोळ्या, भाऊबंद काबूलच्या वाटेवरच राहत होते.

७ ऑगस्ट १८३९ रोजी, तीस वर्षांनी, शुजा काबूलमध्ये शिरला. दोस्त मोहम्मद उत्तरेला पळाला होता. बाला हिसार किल्ल्यात शुजा लहान मुलासारखा खोलीखोलीतून फिरला, अशा नोंदी आहेत. रस्त्यावर लोक होते, पण शांत. ना जयघोष, ना दगड.

त्याच महिन्यात साताऱ्यात

काबूलच्या या प्रवेशानंतर महिनाही पुरा झाला नव्हता. ५ सप्टेंबर १८३९ रोजी कंपनीने साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि काशीला धाडलं.

प्रतापसिंहांना १८१८ मध्ये गादीवर कुणी बसवलं होतं? त्याच एल्फिन्स्टनने. पेशव्यांविरुद्ध छत्रपतींचं नाव उपयोगी होतं म्हणून. महाराजांनी रस्ते बांधले, शाळा काढली, कारभार नीट लावला, पण कंपनीशी झालेल्या तहातले आपले हक्क ते शब्दशः मागू लागले. मग त्यांच्यावर कटाचे आरोप आले आणि धाकटे भाऊ आप्पासाहेब गादीवर बसले. रंगो बापूजी गुप्ते विलायतेला जाऊन वर्षानुवर्षं दाद मागत राहिले, पण उपयोग झाला नाही. १८४७ मध्ये महाराज काशीत वारले आणि पुढच्याच वर्षी साताऱ्याचं राज्य खालसा झालं.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. प्रतापसिंहांना रयतेत मान होता, कारभार चांगला होता, गादी शिवछत्रपतींची होती. तरीही ती गादी त्यांची राहिली नाही, कारण ती देणारा ती परतही घेऊ शकत होता. शुजाच्या बाबतीत उलटं घडलं. देणाऱ्याला गादी परत नको होती, त्याला स्वतःलाच तिथून निघायचं होतं. ते कसं, हे कळायला काबूलची पुढची दोन वर्षं पाहावी लागतात.

दोन राजांचं काबूल

शुजा स्थिरावला की फौज परत जाईल, असं जाहीरनाम्यात म्हटलं होतं. मुंबईच्या फौजेचा मोठा भाग त्याच शरद ऋतूत परतला. पण बंगालच्या फौजेचा बराच भाग तिथेच राहिला, कारण ती काढली तर शुजा टिकणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. आणि ती राहिली म्हणून तो स्थिरावत नव्हता. इंग्रज अधिकाऱ्यांनी घरं घेतली, काहींनी बायकामुलं आणली, क्रिकेट आणि घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. फौजेच्या पैशामुळे बाजारात धान्य महागलं. काबूलच्या बायकांशी गोऱ्या अधिकाऱ्यांचे संबंध हा शहरात संतापाचा विषय झाला. याचा राग इंग्रजांवर तर होताच, पण शेवटी तो ज्याच्या नावाने ते तिथे होते त्या शुजावर जायचा.

राजा असण्याचे त्या काळचे तीन ठळक पुरावे होते: शुक्रवारच्या खुतब्यात नाव, सरदारांना देण्यासाठी पैसा आणि हुकूम पाळणारी फौज. शुजाच्या बाबतीत तिन्ही एकेक करून पोकळ होत गेले.

खुतब्यात त्याचं नाव घ्यायला काही मुल्ला टाळाटाळ करू लागले. काफिरांच्या ताब्यातला राजा स्वतंत्र नाही, मग त्याच्या नावाने खुतबा कसा? पैशाचं म्हणाल तर अफगाण राजवट चालायची ती सरदारांना तनखे देऊन, आणि त्या बदल्यात सरदार घोडेस्वार पुरवत. कंपनीला ही पद्धत उधळपट्टीची वाटली. तिने शुजासाठी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवी घोडदळं उभारली आणि त्यांचा खर्च सरदारांच्या तनख्यांतून कापायला सुरुवात केली. कागदावर हे चांगलं होतं. प्रत्यक्षात जे सरदार शुजाच्या बाजूचे व्हायला हवे होते त्यांचाच घास काढला गेला, आणि नवी फौज ऐकायची ती इंग्रजांचं. शुजाचा जुना, लुधियान्यापासूनचा वजीर मुल्ला शकूर कंपनीला गैरसोयीचा वाटला, तर तोही बदलला गेला. शुजा तक्रार करायचा की मी नावाचा राजा आहे. मॅकनॉटन गव्हर्नर जनरलला लिहायचा की देश शांत आहे.

एक हट्ट मात्र शुजाचा चालला. बाला हिसार हा शहरावर मान काढून उभा असलेला किल्ला. इंग्रज फौज तिथे ठेवावी असं लष्करी अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. पण शाहच्या जनान्याशेजारी गोरी फौज कशी राहील, म्हणून शुजाने नकार दिला आणि मॅकनॉटनने ते मानलं. इंग्रजांची छावणी मग शहराबाहेर सखल जागी बांधली गेली. चहूबाजूंनी टेकड्या आणि छोट्या गढ्या, तर धान्याचं कोठार छावणीच्याही बाहेर. राजाची इज्जत राखायला केलेली ही एकमेव तडजोड पुढे फौजेच्या मुळावर आली.

नोव्हेंबर १८४० मध्ये दोस्त मोहम्मद एका झटापटीत वरचढ ठरूनही दोनच दिवसांनी काबूलजवळ येऊन स्वतःहून मॅकनॉटनच्या स्वाधीन झाला. त्याला हिंदुस्थानात पाठवलं आणि दोन लाखांची पेन्शन बांधून दिली, शुजाच्या चौपट. मॅकनॉटनने शिफारशीत लिहिलेल्या कारणाचा आशय असा: शुजाचं राज्य आपण घेतलं नव्हतं, त्यामुळे तो आपलं काही लागत नव्हता. याने मात्र आपला काही गुन्हा केला नव्हता, तरी आपल्या धोरणासाठी आपण याला हाकललं. ज्याच्या सहीने हे राज्य उलथलं गेलं त्याचीच ही कबुली.

आता नवा अमीर काबूलला होता आणि जुना लुधियान्याच्या वाटेवर. दोघांनी घरं बदलली म्हणा ना.

चाळीस हजारांची बचत

अफगाणिस्तानचा खर्च वर्षाला दहा लाख पौंडांच्या वर गेला होता. कलकत्त्याच्या खजिन्याला तो झेपत नव्हता आणि लंडनमध्ये १८४१ च्या उन्हाळ्यात सरकार बदललं होतं. खर्च कमी करा असे हुकूम येऊ लागले.

मॅकनॉटनने कात्री लावली ती पूर्वेकडच्या घिलझाई टोळ्यांच्या तनख्याला. काबूल ते जलालाबाद या वाटेवरच्या खिंडी यांच्या ताब्यात. खिंडी मोकळ्या ठेवायच्या, डाक आणि काफिले सुखरूप जाऊ द्यायचे, त्याबद्दल त्यांना वर्षाला ८०,००० रुपये मिळत. ते निम्मे केले. घिलझाई सरदारांनी काबूलमध्ये हे मुकाट ऐकून घेतलं, परत गेले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी खिंडी बंद केल्या. हिंदुस्थानकडे जाणारा जवळचा रस्ता संपला.

२ नोव्हेंबर १८४१ च्या सकाळी काबूल शहरात जमावाने बर्न्सचं घर घेरलं आणि त्याला मारलं. छावणी तिथून फार लांब नव्हती. तिथे जनरल विल्यम एल्फिन्स्टन हा सेनापती होता. आपल्या एल्फिन्स्टनचाच हा चुलतभाऊ. तो संधिवाताने जर्जर झाला होता आणि त्याच्याच्याने निर्णय होत नव्हता. उद्या बघू, असं ठरलं.

त्या सकाळी बंड मोडायला शहरात फौज पाठवली ती एकाच माणसाने, शाह शुजाने. बाला हिसारातून त्याने आपली एक पलटण तोफांसह गल्ल्यांमध्ये घुसवली. तिला मार खाऊन परतावं लागलं आणि दोनेकशे माणसं पडली. पण ज्याला सगळे बाहुलं म्हणत होते त्यानेच त्या दिवशी हालचाल केली आणि त्याच्या दोऱ्या धरणारे छावणीत बसून राहिले.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. कोठार लुटलं गेलं. दोस्त मोहम्मदचा मुलगा अकबर खान येऊन बंडाचा पुढारी झाला. २३ डिसेंबरला वाटाघाटीसाठी गेलेला मॅकनॉटन मारला गेला. ६ जानेवारी १८४२ रोजी, भर बर्फात, सुमारे ४,५०० शिपाई आणि १२,००० च्या आसपास बाजारबुणगे काबूल सोडून जलालाबादकडे निघाले. त्यातले बहुतेक हिंदुस्थानी होते. खिंडींमध्ये थंडीने, भुकेने आणि वरून होणाऱ्या गोळीबाराने ही रांग संपत गेली. १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन थकलेल्या घोड्यावर जलालाबादला पोचला. तो एकटाच वाचला ही गोष्ट पुढे चित्रांतून अजरामर झाली, पण ती बरोबर नाही. ओलीस ठेवलेले इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या बायका नंतर सुटल्या. शेकडो शिपाई आणि नोकरही जिवंत होते, बर्फाने हातपाय गेलेले. कुणी काबूलच्या रस्त्यांवर भीक मागत होतं, कुणी गुलाम म्हणून विकलं गेलं. त्यांची चित्रं कुणी काढली नाहीत.

तीन महिन्यांचा स्वतंत्र राजा

इथे शुजाची गोष्ट संपायला हवी होती. आधार गेला, आता बाहुलं कोसळणार, असं कुणालाही वाटेल. पण तसं झालं नाही.

फौज गेल्यानंतरही शुजा बाला हिसारमध्ये राहिला. बंडवाल्यांमध्ये एकी नव्हती. बरकझाईंमध्येच दोस्त मोहम्मदचा पुतण्या नवाब झमान खान एकीकडे आणि अकबर खान दुसरीकडे होता. शुजाने एकेका सरदाराला बोलावलं, काहींना पैसे दिले, काहींना पदं दिली, झमान खानाशीही जुळवून घेतलं आणि जवळजवळ तीन महिने आपली गादी टिकवली. या काळात त्याला इंग्रज संगिनीचा आधार नव्हता. अब्दालीच्या रक्ताला अजूनही किंमत होती आणि दरबारी राजकारण त्याला येत होतं, हे या तीन महिन्यांत दिसलं. दोन वर्षांत ते दिसलं नाही, कारण त्याच्या आणि सरदारांच्या मध्ये सतत मॅकनॉटन उभा होता.

पण इंग्रजांचा शिक्का पुसला जाईना. सरदार म्हणू लागले, तू खरंच आमचा असशील तर जलालाबादला अजून इंग्रज फौज आहे, तिच्यावर जिहादला चल. शुजा टाळत राहिला. तो गुपचूप जलालाबादच्या इंग्रजांना पत्रंही लिहीत होता: लवकर या. कुणी आलं नाही. दोन्ही बाजूंना वचन दिलेला माणूस शेवटी एका बाजूला पाऊल टाकतोच. ५ एप्रिल १८४२ च्या सकाळी तो राजवस्त्रं घालून, थोड्या लोकांनिशी, शहराबाहेरच्या छावणीकडे जायला किल्ल्यातून उतरला. वाटेत झमान खानाच्या मुलाने दबा धरून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. अंगावरची रत्नं काढून घेतली गेली आणि प्रेत खड्ड्यात पडून राहिलं.

पुन्हा १ ऑक्टोबर

त्या शरद ऋतूत इंग्रजांची सूडाची फौज काबूलवर आली, तिने तिथला प्रसिद्ध झाकलेला बाजार उद्ध्वस्त केला आणि ती परत फिरली. सोबत तिने शुजाचं कुटुंब आणले. त्यात तो आंधळा झमानशाहही होता. हे कुटुंब १८४१ मध्येच मोठ्या बंदोबस्तात लुधियान्याहून काबूलला नेलं होतं, कायमचं म्हणून.

आता गव्हर्नर जनरल होता एलनबरो. त्याने सिमल्याहून नवा जाहीरनामा काढला आणि त्यावर मुद्दाम तारीख घातली १ ऑक्टोबर, ऑकलंडच्या जाहीरनाम्याला बरोबर चार वर्षं पुरी होण्याची. त्यात म्हटलं होतं की नको असलेल्या लोकांवर राजा लादणं हे ब्रिटिश सरकारच्या तत्त्वांत बसत नाही. दोस्त मोहम्मदला सोडून देण्यात आलं. १८४३ मध्ये तो काबूलला परतला, पुढे वीस वर्षं त्याने राज्य केलं, कंदाहार आणि शेवटी हेरातही घेतलं. १८५५ मध्ये इंग्रजांनी त्याच्याशी मैत्रीचा तह केला. बर्न्स १८३७ मध्ये जे सुचवत होता जवळजवळ तेच, अठरा वर्षं आणि हजारो माणसं खर्चून.

अफगाणिस्तानात ही गोष्ट कधी जुनी झाली नाही. काबूलमध्ये जिथे अनेक परदेशी दूतावास होते त्या वस्तीचं नाव आहे वजीर अकबर खान. २००१ नंतर अध्यक्ष झालेले हमीद करझाई हे पोपलझाई, म्हणजे शुजाचं घराणं ज्या टोळीतून आलं त्याच टोळीचे. तालिबानच्या प्रचारात त्यांना आजचा शाह शुजा म्हटलं जायचं. करझाईंना हे माहीत होतं आणि अमेरिकेशी ते जाहीरपणे भांडत राहिले, त्यामागे हेही एक कारण असावं. निवडून आलेला अध्यक्ष आणि गादीवर बसवलेला राजा यांत फरक आहे, तो पुसू नये. पण ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल विमानतळाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी फोनवर पाहिले. विमानामागे धावणारे लोक पाहिले. कोण जाऊ शकतं आणि कोणाला तिथेच राहावं लागतं, हा प्रश्न तेव्हाही होता.

शुजाचे दोष मोठे होते. पण १८३९ ते १८४२ या काळात जे कोसळलं ते फक्त त्याच्या दोषांमुळे नाही. पेशावर त्याच्याकडून आधीच लिहून घेतलं गेलं, फौज त्याच्या नावाने उभी राहिली पण त्याचं ऐकत नव्हती, तनखे कापण्याचं मॅकनॉटनने ठरवलं. या सगळ्याची जबाबदारी मात्र त्याची धरली गेली. ऑकलंड विलायतेला परत गेला आणि पुढे मंत्रिमंडळातही बसला. शुजाला जायला लुधियाना होतं, पण तिथे न्यायला कुणी आलं नाही. आंधळा झमानशाह तेवढा परत पोचला. जिच्या पेन्शनवर त्याच्या धाकट्या भावाचा दरबार चालला होता त्याच छावणीच्या गावात, १८४४ मध्ये तो वारला.